वांग चिएन-मिंग आणि त्याचा सिंकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानच्या बेसबॉलबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. वांग चिएन-मिंगचं नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात: तो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज या संघाकडून खेळला आणि दुखापतीने त्याचा घात केला. दोन्ही खरं आहे, पण एवढ्यावर हा पिचर कळत नाही. त्याची सगळी कारकीर्द एका चेंडूभोवती, सिंकरभोवती, फिरते. तो चेंडू त्याला मिळाला कसा, गेला कसा आणि तो परत मिळवण्यासाठी त्याने किती वर्षं घातली, हे सांगायचं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

वांग चिएन-मिंग कोण?

३१ मार्च १९८० रोजी दक्षिण तैवानमधल्या ताइनान भागात जन्मलेला, उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर. वांग हे त्याचं आडनाव. तैवानमध्ये ते आधी लिहितात, त्यामुळे अमेरिकी धावफलकावर तोच माणूस चिएन-मिंग वांग म्हणून दिसतो. ज्या ग्वानमियाओचा तो, ते गाव अननस आणि उन्हात वाळवलेल्या नूडल्ससाठी प्रसिद्ध आहे. २००५ ते २०१६ या काळात तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, नऊ हंगाम खेळला. त्यात ६८ सामने जिंकले, ३४ हरले. मेजर लीगमध्ये इतके विजय दुसऱ्या कुठल्याही तैवानी पिचरच्या नावावर नाहीत.

बेसबॉल पाहत नाही. पिचरचं काम आणि हे आकडे कसे समजून घ्यायचे?

पिचर मैदानाच्या मधल्या उंचवट्यावरून सुमारे साडेअठरा मीटरवरच्या बॅटरकडे चेंडू टाकतो. टप्पा पडत नाही, चेंडू हवेतूनच थेट जातो. बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा म्हणजे कॅचर. चेंडू मारल्यावर बॅटर पहिला, दुसरा, तिसरा अशा तीन बेसना (जमिनीवरच्या ठरलेल्या खुणांना) फेरी मारून होम प्लेटवर, म्हणजे निघाला तिथे, परत आला की एक धाव होते. तीन जण बाद झाले की संघाची पाळी संपते. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक इनिंग होते आणि सामना नऊ इनिंगचा असतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरला ‘स्टार्टर’ म्हणतात. त्याने सहा-सात इनिंग टाकल्या की उरलेलं काम ‘रिलीव्हर’ करतात.

विजय आणि पराभव पिचरच्या नावावर लिहिले जातात. हा हिशेब थोडा अन्यायाचाच आहे, कारण धावा करणं त्याच्या हातात नसतं. ईआरए हा त्यापेक्षा बरा आकडा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, पिचर दर नऊ इनिंगमागे किती धावा देतो ते त्यावरून कळतं. वांग ऐन भरात होता त्या काळात चारच्या आतला ईआरए म्हणजे चांगला स्टार्टर.

सिंकर म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या वेगवान चेंडूत बोटं शिवणीला आडवी ठेवतात. चेंडू उलटा फिरत जातो आणि त्या फिरकीमुळे हवेत थोडा तरंगतो. सिंकरमध्ये दोन बोटं शिवणींच्या लगत, उभी धरतात. फिरकीचा अक्ष कलतो, चेंडूला वर धरणारा जोर कमी पडतो आणि शेवटच्या काही फुटांत तो खाली उतरतो. उजव्या हाताच्या पिचरचा सिंकर उतरता उतरता उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगावरही येतो. क्रिकेट पाहणाऱ्यांनी शेवटच्या क्षणी आत येणारा यॉर्कर डोळ्यांसमोर आणावा. फरक इतकाच की इथे जमिनीची मदत नसते, सगळी करामत हवेतच होते.

सिंकर पुष्कळ जण टाकतात. पण त्यांतल्या बहुतेकांना उतार मिळवायचा तर वेग सोडावा लागतो. वांगला तो सोडावा लागत नव्हता. त्याचा सिंकर ताशी १४८ ते १५३ किलोमीटरच्या वेगाने यायचा आणि तरीही जड दगडासारखा खाली बसायचा. बॅटरला वाटायचं चेंडू गुडघ्याच्या वर आहे. तो बॅट फिरवायचा, तोवर चेंडू बॅटच्या खालच्या कडेपाशी गेलेला असायचा. लागला तरी वरच्या अंगाला लागायचा आणि गवतावरून घरंगळत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, जायचा. तिथे डेरेक जीटर. तो चेंडू दुसऱ्या बेसवर रॉबिन्सन कॅनोकडे द्यायचा, कॅनो पहिल्या बेसवर. एका चेंडूत दोन बाद, म्हणजे डबल प्ले. २००६ आणि २००७ मध्ये यांकी स्टेडियममध्ये हे दृश्य इतक्या वेळा दिसलं, की बेसवर धावपटू उभा असतानाही वांग चेंडू टाकत असेल तर प्रेक्षक निवांत असायचे.

हा चेंडू तो तैवानमधून शिकून आला होता का?

नाही, आणि मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. अमेरिकेत आला तेव्हा तो साधा वेगवान चेंडू आणि स्लायडर, स्प्लिटर हे दिशा बदलणारे चेंडू टाकायचा. चांगला होता, पण तसे पिचर खालच्या लीगमध्ये पुष्कळ असतात. २००४ मध्ये ओहायोतल्या कोलंबस क्लिपर्स संघात पिचिंग कोच नील ॲलन आणि कॅचर साल फसानो यांनी त्याला सिंकरकडे वळवलं. तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि खांद्यावर एक शस्त्रक्रिया होऊन गेली होती. पुढच्याच वर्षी तो मेजर लीगमध्ये होता. दोन वर्षांत सर्वोत्तम पिचरच्या शर्यतीत. एवढ्या उशिरा हाती आलेल्या चेंडूवर अख्खी कारकीर्द उभी राहिल्याची उदाहरणं फार नाहीत.

तैवानमध्ये बेसबॉलचं एवढं वेड का?

हा खेळ तिथे जपानी राजवटीत रुजला. १८९५ ते १९४५ तैवान जपानच्या ताब्यात होतं. १९३१ मध्ये जियायी इथल्या शेतकी शाळेचा संघ जपानच्या कोशिएन या शालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि उपविजेता ठरला. त्या संघात जपानी, हान (चिनी वंशाची) आणि आदिवासी मुलं एकत्र खेळत होती. ती आठवण तैवानी माणूस आजही जपून आहे.

दुसरा टप्पा १९६८ चा. ताइतुंगच्या डोंगरातल्या होंगये या छोट्या आदिवासी गावातल्या शाळकरी मुलांनी जपानहून आलेल्या पाहुण्या संघाला हरवलं. पुढच्याच वर्षी ताइचुंगच्या संघाने अमेरिकेत लिटल लीग वर्ल्ड सिरीज ही मुलांची जागतिक स्पर्धा जिंकली आणि १९९६ पर्यंत तैवानच्या पोरांनी ती १७ वेळा जिंकली. सामने तिथल्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर असायचे. लोक जागून बघायचे. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातली जागा गेल्यानंतर तर या देशाला जगापुढे मान वर करून उभं राहायला फार थोड्या जागा उरल्या होत्या. त्यांतली एक हे मैदान होतं. तैवानच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आजही नेता नाही, टोप्या उडवून आनंद साजरा करणारा मुलांचा बेसबॉल संघ आहे.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं. त्याआधीच, १९९० मध्ये, देशाची व्यावसायिक लीग सुरू झाली होती. मग १९९६-९७ मध्ये सामनानिश्चितीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं आणि पुढेही अशी प्रकरणं होत राहिली. मैदानं ओस पडली. वांगवर लोकांनी इतकं प्रेम का केलं ते कळायला हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याच लीगवरचा विश्वास उडालेल्या लोकांना निर्धास्तपणे टाळ्या वाजवता येतील असा माणूस मिळाला होता.

मग तो तैवानच्या लीगमध्ये खेळलाच नाही?

व्यावसायिक खेळाडू म्हणून एकही सामना नाही. तैपेईच्या क्रीडा महाविद्यालयात असतानाच २००० मध्ये यांकीजने त्याला सुमारे २० लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं. त्या वर्षी तो स्टॅटन आयलंडच्या संघाकडून खेळला. २००१ चा पूर्ण हंगाम खांद्याच्या शस्त्रक्रियेत गेला. २००२ मध्ये पुन्हा स्टॅटन आयलंड, २००३ मध्ये ट्रेंटन, मग कोलंबस. (ट्रेंटन म्हणजे न्यू जर्सीची राजधानी. एडिसन परिसरातल्या मराठी मंडळींना तिथलं छोटं मैदान गाडीने फार लांब नाही.) स्टॅटन आयलंडच्या संघाने पुढे त्याचा ४१ क्रमांक कायमचा निवृत्त केला.

मधल्या काळात तो २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये देशासाठी उतरला. पदक मिळालं नाही, पण ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने जे पिचिंग केलं त्याने न्यूयॉर्कमधल्या लोकांचंही लक्ष वेधलं.

मेजर लीगमध्ये खेळणारा तो पहिला तैवानी होता का?

नाही, ही चूक वारंवार होते. पहिला चेन चिन-फेंग, बॅटर, २००२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून. दुसरा त्साओ चिन-हुई, २००३ मध्ये कोलोराडो रॉकीजकडून. तो पहिला तैवानी पिचर. वांग तिसरा. त्याचा पहिला सामना ३० एप्रिल २००५ रोजी टोरंटोविरुद्ध झाला: सात इनिंग, दोन धावा. त्या हंगामात ८ विजय, ५ पराभव, ईआरए ४.०२. मध्ये काही आठवडे खांद्याने बाहेर बसवलं. हंगामाअखेर प्लेऑफमध्येही, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्येही, तो खेळला.

२००६ आणि २००७ या हंगामांचं एवढं कौतुक का?

२००६ मध्ये तो १९ सामने जिंकला, ६ हरला. ईआरए ३.६३, इनिंग २१८. त्या वर्षी मेजर लीगमध्ये १९ पेक्षा जास्त विजय कुणाचेच नव्हते. मिनेसोटाचा योहान सांताना त्याच्या बरोबरीला होता. अमेरिकन लीग या मेजर लीगच्या शाखेतल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराची सगळी पहिली मतं सांतानाला गेली आणि वांग दुसरा आला. आशियात जन्मलेल्या पिचरचा एका हंगामातला विक्रम तोवर कोरियाच्या पार्क चान-होच्या १८ विजयांचा होता, तो मोडला. डेट्रॉइटविरुद्ध प्लेऑफचा पहिला सामना यांकीजने त्याच्या हाती दिला आणि तो त्याने जिंकून दिला.

२००७ मध्ये पुन्हा १९ विजय, ७ पराभव, ईआरए ३.७०. त्या वर्षीचा ५ मेचा सिॲटलविरुद्धचा सामना तैवानी चाहते अजून विसरलेले नाहीत. पहिले २२ बॅटर आले आणि २२ च्या २२ बाद झाले. ‘परफेक्ट गेम’साठी, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सामना संपवण्यासाठी, आणखी पाच हवे होते. आठव्या इनिंगमध्ये बेन ब्रूसार्डने होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला आणि ते स्वप्न तिथेच थांबलं. वांगच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो नेहमी असाच असायचा: विजय असो की मार पडो, टोपी खाली ओढून पुढचा चेंडू. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्याचं नाव आलं.

याच हंगामाच्या शेवटी क्लीव्हलंडविरुद्धच्या प्लेऑफमध्ये मात्र तो दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा झोडपला गेला. सिंकर गुडघ्याच्या उंचीला राहिला नाही, वर राहिला. वर राहिलेला सिंकर म्हणजे मध्यम वेगाचा सरळ चेंडू, आणि मेजर लीगचे बॅटर तो सोडत नाहीत.

त्याचे स्ट्राइकआउट फार कमी होते. मग ते विजय नशिबाचे नव्हते का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला जायचा आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. २००६ मध्ये २१८ इनिंगमध्ये फक्त ७६ स्ट्राइकआउट, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या मदतीशिवाय पिचरने बाद केलेले बॅटर. त्याच्या दर्जाचा पिचर त्याच्या दुप्पट सहज घेतो. आकडेवारीवाल्यांचं म्हणणं असं की चेंडू बॅटला लागू दिला की पुढचं क्षेत्ररक्षक आणि योगायोग ठरवतात. शिवाय यांकीजची फलंदाजी जबरदस्त होती. चार धावा देऊनही सामना जिंकता येत असे.

माझं मत वेगळं आहे. लागलेले सगळे चेंडू सारखे नसतात. जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर होमरन होत नाही, आणि त्या पूर्ण हंगामात वांगला फक्त १२ होमरन बसले. जमिनीवरच्या चेंडूवर डबल प्ले होतो, म्हणजे आधी बेसवर पोहोचलेला माणूसही पुसला जातो. कमी चेंडूंत बॅटर बाद झाल्याने तो सातव्या-आठव्या इनिंगपर्यंत टिकायचा आणि रिलीव्हरना विश्रांती मिळायची. हे सगळं ठरवून केलेलं होतं. मागे उभ्या असलेल्या सात जणांवर भरवसा ठेवून चेंडू टाकणं यालाही कसब लागतं. तीन वर्षं सलग टिकलेल्या गोष्टीला नशीब म्हणणं मला पटत नाही.

तैवानमध्ये त्याचे सामने कसे पाहिले जायचे?

न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात तैपेईला सकाळचे सात. त्यामुळे वांगची पाळी असली की सकाळच्या न्याहारीच्या दुकानांत टीव्ही सुरू असायचा. लोक सोया दूध आणि अंड्याची पोळी पुढ्यात घेऊन दोन-तीन इनिंग बघायचे आणि उरलेला सामना कार्यालयात चोरून. चौकात मोठे पडदे लागायचे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तोच. लोक त्याला ‘तैवानची शान’ म्हणू लागले. तैवानच्या चाहत्यांचा एक मोठा वर्ग त्या काळात यांकीजचा झाला तो वांगमुळे. सामन्याच्या दिवशी ज्याची पाळी आहे तो पिचर आपला, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

ह्यूस्टनमध्ये १५ जून २००८ ला काय झालं?

तेव्हा मेजर लीगच्या दोन शाखांचे नियम वेगळे होते. अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी दुसराच खेळाडू बॅटिंग करायचा. नॅशनल लीगच्या मैदानावर मात्र पिचरलाच बॅट हातात घ्यावी लागे. ह्यूस्टन तेव्हा नॅशनल लीगमध्ये होतं. वांगने व्यावसायिक झाल्यापासून बॅटिंग आणि धावण्याचा सराव जवळजवळ केलाच नव्हता.

सहाव्या इनिंगमध्ये तो बेसवर होता. सहकाऱ्याचा फटका बसला, तो तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे धावला आणि वाटेतच उजवा पाय धरून लंगडू लागला. धाव पूर्ण झाली. यांकीज १३-० ने जिंकले, विजयही त्याच्याच नावावर लागला: त्या हंगामातला आठवा. पण पावलाच्या मध्यभागी हाडांना बांधून ठेवणारा लिसफ्रँक नावाचा अस्थिबंध फाटला होता, शेजारच्या स्नायूबंधालाही इजा झाली होती. हंगाम संपला. यांकीजचे सहमालक हँक स्टाइनब्रेनर त्या नियमावर उघडपणे संतापले. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरला बॅटिंग करावी लागत नाही. वांगच्या बाबतीत तो नियम १४ वर्षं उशिरा आला.

हे किती मोठं नुकसान होतं ते एका गोष्टीवरून कळेल. त्याच एप्रिलमध्ये त्याने कारकिर्दीतला ५० वा विजय मिळवला होता, तोही अवघ्या ८५ सामन्यांत. ड्वाइट गुडेननंतर एवढ्या लवकर तिथे कुणी पोहोचलं नव्हतं.

पायाला लागलं, हात तर शाबूत होता. मग पिचिंग का बिघडलं?

उजव्या हाताचा पिचर उजव्या पायाने उंचवट्यावरची पट्टी ढकलून पुढे झेपावतो. चेंडूतला जोर त्या पावलातून सुरू होतो, नितंबातून कमरेत, तिथून खांद्यात आणि शेवटी बोटांत येतो. महिनोन्‌महिने पाय प्लास्टरमध्ये आणि विश्रांतीत राहिल्यावर नितंबाचे स्नायू कमजोर झाले. खालून जोर मिळेना, तेव्हा शरीर तो खांद्यातून काढू पाहतं. हात किंचित उशिरा येतो, चेंडू सुटण्याची जागा बदलते आणि सिंकर खाली बसतच नाही.

२००९ च्या एप्रिलमधले पहिले तीन सामने बघवत नाहीत. मिळून सहा इनिंग, २३ धावा, ईआरए ३४.५०. त्यातला तिसरा सामना १८ एप्रिलचा, नव्याकोऱ्या यांकी स्टेडियममध्ये. क्लीव्हलंडने दुसऱ्या इनिंगमध्ये १४ धावा केल्या आणि सामना २२-४ ने जिंकला. त्या १४ पैकी बऱ्याच वांगच्या खात्यावर होत्या. त्याला खाली पाठवून नितंब बळकट करण्याचे व्यायाम दिले गेले, तो परतला, आणि जुलैच्या सुरुवातीला खांदा गेला. २९ जुलै २००९ रोजी डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली. हंगामाचा हिशेब: १ विजय, ६ पराभव, ईआरए ९.६४.

माझ्या मते यात खेळाडूचा दोष शोधणं चुकीचं आहे. पाय बरा झाला म्हणून माणूस बरा झाला असं धरलं गेलं. कमरेपासून खालचं सगळं नव्याने उभं करायला हवं होतं.

यांकीजने २००९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली. विजेत्या खेळाडूंना देतात ती अंगठी त्याला मिळाली का?

हो. त्या हंगामात तो संघाचा होता. डिसेंबरमध्ये मात्र यांकीजने त्याला नवा करार देऊ केला नाही. यांकीजकडून त्याचा एकूण हिशेब ५५ विजय आणि २६ पराभव.

त्यानंतर तो कुठे कुठे गेला?

२०१० मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स. तिथे पूर्ण वर्ष नुसतं सावरण्यात गेलं. तो मेजर लीगच्या मैदानात परतला २९ जुलै २०११ ला, शस्त्रक्रियेला बरोबर दोन वर्षं झाल्यावर. ऑगस्टमध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर त्याने सहा इनिंग टाकल्या आणि एकही हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) दिली नाही. दोन वर्षांनंतरचा पहिला विजय असा आला. (या संघात त्याचा सहकारी होता रायन झिमरमन. २००६ मध्ये याच झिमरमनने शेवटच्या चेंडूवर वांगला होमरन मारून सामना हिरावला होता.)

२०१२ मध्ये पुन्हा घसरण. २०१३ मध्ये यांकीजच्या खालच्या संघात, मग टोरंटोकडून सहा सामने. २०१४ मध्ये सिनसिनाटी आणि शिकागो व्हाइट सॉक्सच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या) संघांत. २०१५ मध्ये अटलांटाच्या ट्रिपल-ए संघात, मग मेरीलंडमधल्या एका स्वतंत्र लीगच्या संघात, मग सिॲटलच्या टॅकोमा संघात. दोनदा १९ सामने जिंकलेला माणूस बसने गावोगाव फिरत, निम्म्या वयाच्या पोरांबरोबर खेळत होता. पैशाची निकड नव्हती. तैवानमध्ये परतला असता तर मानाने स्वागत झालं असतं. तो परतला नाही, कारण त्याला तो सिंकर परत हवा होता.

देशासाठी खेळताना त्याचा सर्वोत्तम सामना कोणता?

२००६ आणि २००९ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत तो नव्हता. २०१३ मध्ये होता, आणि ३३ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने जे केलं ते त्याच्या यांकीजच्या दिवसांच्या तोडीचं होतं. २ मार्चला ताइचुंगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सहा इनिंग, एकही धाव नाही. तैवान ४-१ ने जिंकलं.

८ मार्चला टोकियो डोममध्ये जपान. गतविजेता, आणि घरचं मैदान. वांगने पुन्हा सहा इनिंग टाकल्या, पुन्हा शून्य धावा. चेंडू पूर्वीइतका वेगवान नव्हता, पण खाली बसत होता आणि जपानी बॅटर एकामागून एक जमिनीवर मारत होते. तो बाहेर आला तेव्हा तैवान २-० ने पुढे होतं. आठव्या इनिंगमध्ये जपानने बरोबरी साधली, तैवानने पुन्हा ३-२ आघाडी घेतली. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना जपानच्या तोरितानीने दुसरा बेस चोरला (चेंडू मारला जाण्याआधीच धावून गाठला) आणि इबाताच्या हिटवर तो घरी आला. दहाव्या इनिंगमध्ये जपान ४-३ ने जिंकलं. सामना संपल्यावर तैवानचे खेळाडू उंचवट्याभोवती गोल करून उभे राहिले आणि चारही बाजूंच्या प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. समोरच्या जपानी प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका बाद खेळाडूचं अंतर होतं. तैवानी चाहत्यांना त्या रात्रीचा विषय आजही सहन होत नाही, पण वांगचं नाव निघालं की सूर बदलतो.

कान्सास सिटीचं २०१६ चं पुनरागमन कसं घडलं?

२०१५-१६ च्या हिवाळ्यात तो फ्लोरिडातल्या एका खासगी पिचिंग केंद्रात गेला आणि चेंडू टाकण्याची पद्धत मुळापासून तपासून घेतली. हात कुठून येतो, पाय कधी टेकतो, सगळं. हरवलेला वेग बराचसा परत आला. आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या कान्सास सिटी रॉयल्सने त्याला सराव शिबिरात बोलावलं आणि तो थेट मुख्य संघात निवडला गेला, वयाच्या ३६ व्या वर्षी. आता स्टार्टर नाही, रिलीव्हर. ३८ सामने, ६ विजय, एकही पराभव नाही, ईआरए ४.२२. सप्टेंबरमध्ये संघाने त्याला मोकळं केलं आणि तो मेजर लीगमधला त्याचा शेवटचा हंगाम ठरला.

मला विचाराल तर २००६ चे १९ विजय आणि २०१६ चे हे ६, यांतले सहा जास्त मोलाचे.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, तो जाईल का?

नाही. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी किमान दहा हंगाम खेळलेले लागतात. वांगचे नऊ.

तैवानचा सर्वोत्तम पिचर तोच का?

वाद आहे. जपानमध्ये खेळलेल्या पिढीला विसरून चालणार नाही. कुओ ताइ-युआनने सेइबू लायन्सकडून ११७ सामने जिंकले, कुओ युआन-चीने चुनिचीकडून १०६. तेव्हाच्या जपानी लीगचा दर्जा पाहता हे लहान काम नाही. कुओ होंग-चीने डॉजर्सकडून २०१० मध्ये १.२० ईआरए राखला आणि ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. चेन वेइ-यिनने बाल्टिमोर आणि मायामीकडून मेजर लीगमध्ये ५९ विजय मिळवले आणि त्याची कारकीर्द वांगपेक्षा सलग होती. दीर्घकाळ टिकण्याच्या बाबतीत मी कुओ ताइ-युआनला वर ठेवेन. पण ऐन भरातल्या दोन वर्षांचाच विचार केला तर वांगच्या जवळ कुणी येत नाही.

तैवानचा संघ ‘चायनीज तैपेई’ नावाने का खेळतो?

१९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीबरोबर झालेल्या तडजोडीमुळे. चीनच्या आक्षेपामुळे स्वतःचं नाव आणि झेंडा वापरता येत नाही. प्रेक्षक मात्र स्टँडमधून ‘तैवान’ म्हणूनच ओरडतात.

आता वांग काय करतो?

तैवानमध्ये पिचिंग कोच आहे. फुबॉन गार्डियन्स आणि नंतर सिटिक ब्रदर्स या संघांच्या तरुण पिचरना त्याने शिकवलं. ज्या लीगमध्ये तो स्वतः कधी खेळला नाही, तिचे प्रेक्षकही आता परतले आहेत. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच टोकियो डोममध्ये तैवानने जपानला ४-० ने हरवून प्रीमियर १२ ही देशांची स्पर्धा जिंकली, आणि २०२५ मध्ये मुलांनी २९ वर्षांनंतर लिटल लीग वर्ल्ड सिरीजही परत आणली.

भारतात बसून तैवानी पिचर पाहायचे तर सुरुवात कुठून करू?

तैवानच्या लीगपासून. आठवड्याच्या दिवसांतले सामने तिथल्या संध्याकाळी ६.३५ ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी ४.०५. जपानमधले संध्याकाळचे सामने साधारण दुपारी अडीचला. निप्पॉन-हॅम या जपानी संघाने २०२५ साठी घेतलेल्या गु-लिन रुइ-यांगवर लक्ष ठेवा. मेजर लीगमध्ये तेंग काइ-वेइने २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून पदार्पण केलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला येतो, तेव्हा गजर लावावा लागेल. सामना पाहताना पहिल्या दोन इनिंग बॅटरकडे बघू नका. कॅचरचा हातमोजा कुठे आहे आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे पोहोचतो एवढंच बघा. सिंकर टाकणारा पिचर असेल तर शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसवरचा खेळाडू आधीच कुठे सरकून उभे राहतात तेही बघा, कारण चेंडू बहुधा तिकडेच जाणार असतो.